कोकणात राहून रॅपर व्हायचंय? पहिल्या वर्षाची वाट

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड. कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर आज फोनवर बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, लावून लिहिणारं कुणी ना कुणी सापडतंच. त्यांच्यातले बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात, मुंबईला कधी जाऊ? मला वाटतं, पहिलं वर्ष गावातच काढावं. रॅपर घडतो तो जिवंत माणसांपुढे, जी आवडलं तर तोंडावर दाद देतात आणि नाही आवडलं तर उठून चहाला जातात. शब्दांचा सामना ऐकायला पहाटेपर्यंत बसणारे श्रोते महाराष्ट्रात आणखी कुठे एवढे मिळतील, मला माहीत नाही. ते सोडून मुंबईतल्या एखाद्या कॅफेत वीस अनोळखी माणसांसमोर सुरुवात करण्यात काय फायदा?

ही वाट अंडरग्राउंड रॅपची. ते म्हणजे काय, हे आधी बोलून घेऊ. पाठीशी लेबल नाही, मॅनेजर नाही, सिनेमाचं गाणं नाही. लिहिणं, रेकॉर्डिंग, पोस्टर, पैशांचा हिशोब सगळं स्वतःचं, फार तर चार मित्रांचं. यात कमीपणा काही नाही. हिपहॉपचा जन्मच असा झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत एका मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगाला माहीत झालेला. तुमच्या वाडीतलं समाजमंदिर त्या खोलीपेक्षा बहुधा मोठंच असेल.

आधी बारीला जाऊन बसा

माईक घेण्याआधी, सॉफ्टवेअर उतरवण्याआधी हे करा. सिंधुदुर्गात असाल तर भजनाची डबलबारी गाठा, रत्नागिरीत किंवा दक्षिण रायगडात असाल तर शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबांचा, सामना. लहानपणी आजोबांच्या मांडीवर झोपून ऐकलेला नव्हे. आता वही घेऊन, शेवटपर्यंत जागून ऐकायचा.

डबलबारीत दोन बुवा, दोन मंडळं, आळीपाळीनं बारी. आपले बुवा गातात तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघतात. तुम्ही मात्र समोरच्या बुवांकडे बघा. त्यांचा हात पेटीवर असतो आणि कान पूर्ण इकडे. एखादा शब्द, एखादा दाखला ते उचलतात आणि स्वतःच्या बारीत तोच उलटा करून परत करतात. लोक ज्या क्षणी ओरडतात तो हाच. बुवांनी ते घरून लिहून आणलेलं नसतं आणि हे मांडवातल्या प्रत्येकाला कळतं. बॅटल रॅपमध्ये, म्हणजे दोन रॅपरांच्या सामन्यात, याला रिबटल म्हणतात.

कोरसकडेही लक्ष द्या. बुवा ओळ अर्धी सोडतात, मागचे ती उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात आणि पुढची ओळ डोक्यात जुळवतात. रॅपमध्ये हे काम बॅकअप एमसी, म्हणजे मागून साथ देणारा रॅपर, करतो. नवे रॅपर एकटेच स्टेजवर जातात आणि तिसाव्या सेकंदाला धाप लागते.

शक्ती-तुऱ्यात क्रम बघा. गण, गवळण, आणि मगच सवाल-जवाब. म्हणजे आधी नमस्कार, मग श्रोत्यांशी ओळख, मग भांडण. पहिल्याच ओळीत शिवी देऊन सुरुवात करणाऱ्याला हा क्रम खूप शिकवतो. जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या नाचात, नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ ठेका धरतात, तो पायातला ठेका ऐकत राहा. तुमचे शब्द शेवटी तिथेच बसायचे आहेत. दशावतार तर फ्रीस्टाइलची, म्हणजे आयत्या वेळी रचण्याची, शाळाच आहे. लिखित संहिता नसते. पौराणिक प्रसंग ठरलेला, पण संवाद नट रंगमंचावर उभं राहून रचतात. जत्रांच्या दिवसांत, कार्तिकानंतर, दोन-चार रात्री त्यासाठी द्याच. आणि खेळ संपल्यावर नटांशी बोला. समोरचा अडखळला तर त्याला सावरून कसं घ्यायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

बोली ठरवा, आणि तिच्यावर हसू देऊ नका

मालवणी, संगमेश्वरी, आगरी-कोळी, कोकणी मुसलमानांची बोली. घरात जी बोलता ती घ्या. प्रमाण मराठीत लिहायलाही हरकत नाही, पण पुण्याचा उच्चार उसना आणला की पहिल्या कडव्यात पकडले जाता.

बोलीत लिहिताना एक अडचण येणारच. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मराठी रंगभूमीवर मानानं उभी केली, ते ऋण मोठं आहे. पण त्या विनोदी नाटकांनंतर लोकांना सवय लागली: मालवणी कानावर पडली की हसायचं. संगमेश्वरीचंही नमनातल्या पात्रांमुळे तेच झालंय. तुम्ही बंद घराबद्दल गाल आणि पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसेल. थांबू नका, हसून साथही देऊ नका. बीट एकदम उतरवा, तीच ओळ हळू आवाजात परत म्हणा. दुसऱ्यांदा कुणी हसत नाही. माझ्या मते कोकणातल्या रॅपचं खरं काम हे आहे. आपल्या बोलीत राग, दुःख, प्रेम गंभीरपणे म्हणता येतं, हे आपल्याच माणसांना ऐकवायचं.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. २०११ पासून रखडत आलेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम, फवारणीचा खर्चही न निघालेला आंबा, बारा महिन्यांतून दोनदा उघडणारी घरं, एलईडी लावून मासे मारणाऱ्या बोटी आणि रिकाम्या हाती परतणारी छोटी होडी. फक्त एवढं बघा, की तुमच्या ओळीत तुम्ही स्वतः पाहिलेली एक तरी वस्तू असेल.

सोळा बार लिहायचे कसे

चार ठोक्यांचा एक बार. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटवर एक बार साधारण २.७ सेकंदांचा, म्हणजे सोळा बारांचं कडवं सुमारे ४३ सेकंद चालतं. तेच १४० बीपीएमच्या ट्रॅप बीटवर २७ सेकंदांत संपतं. सुरुवात ८५ ते ९५ च्या दरम्यान करा. मराठी शब्दांना श्वास घ्यायला तिथे जागा मिळते.

एक उदाहरण घेऊ. या चार ओळी मालवणीत फक्त या लेखासाठी लिहिल्या आहेत (बापूस म्हणजे बाप, आवस म्हणजे आई, तिनसांज म्हणजे दिवेलागणीची वेळ):

घराक कुलूप, कुलपाक गंज,
खळ्यात तुळस, एकटी तिनसांज,
बापूस परळाक, आवशीक खोकलो,
लायटीचा बिल येता, दिवो नाय लागलो.

पहिली ओळ टाळीवर म्हणा. 'घराक' पहिल्या ठोक्यावर, 'कुलूप' दुसऱ्यावर, 'कुलपाक' तिसऱ्यावर, 'गंज' चौथ्यावर. चार शब्द, चार ठोके. स्नेअर, म्हणजे बीटमधला ड्रमचा कडक आवाज, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजतो, म्हणून वजनाचे शब्द, म्हणजे कुलूप आणि गंज, तिथे पडले. चौथी ओळ वेगळी आहे. पहिल्या ठोक्याच्या जागेत 'लाय-टी-चा-बिल' असे चार तुकडे बसवायचे आहेत, म्हणजे जीभ दुप्पट वेगानं चालवायची. तीन ओळी संथ आणि चौथीला वेग, म्हणून कान टवकारतात. चारही ओळी एकाच वेगात म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

मराठीत रॅप लिहिताना एका जागी सगळे घसरतात. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे 'जातो, येतो, खातो, बघतो' असं यमक आपोआप जुळत जातं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, वा, जमलं. ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीपर्यंत पुढचा शब्द आधीच कळतो. क्रियापद ओळीच्या पोटात ढकला, शेवटी नाम आणा. वरच्या पहिल्या दोन ओळींत तर क्रियापदच नाही. मालवणीतल्या ओकारान्त शब्दांचंही असंच, खोकलो-लागलो एकदा चालतं, सोळा बार चाललं तर कंटाळा येतो. आतलं यमक शोधा: कुलूप-कुलपाक हे कानाला शेवटच्या यमकाइतकंच गोड लागतं.

रोज लिहा, पण रोज गाणं लिहू नका. आठ बार पुरे. आणि लिहिलेलं चालत म्हणा, बसून नव्हे. श्वास कुठे तुटतो ते चालताना समजतं. तिथे वहीत एक तिरकी रेघ मारून ठेवा.

बीट कुठून आणायचा

यूट्यूबवर फुकट म्हणून मिळणारे बहुतेक बीट फुकट नसतात. वर्णनात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की पैसे न कमावता वापरायला मोकळे. गाणं स्पॉटिफायवर चढवलं की ती अट मोडली. पैसे भरून लीज, म्हणजे वापरायचा परवाना, घेतली तरी तो बीट तुमचा एकट्याचा होत नाही. तोच आणखी शंभर जणांकडे असू शकतो. अशा बीटवरच्या गाण्याला यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, टाकू नका, नाहीतर दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा दावा जातो आणि भांडण तुमच्या दारात येतं. लीजचा कागद पीडीएफ करून जपा.

याहून चांगला मार्ग तुमच्या गावात आहे. ढोलकी किंवा मृदंग वाजवणारा माणूस शोधा. कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाची टिकटिक, लावून त्याच्याकडून आठ मात्रांचा ठेका सलग पाच मिनिटं वाजवून घ्या. केहरवा आठ मात्रांचा असल्यामुळे चारच्या बारात नीट बसतो. सहा मात्रांचा दादरा घेतलात तर रॅपची मांडणीच बदलावी लागेल, ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. त्या पाच मिनिटांतले सर्वात घट्ट दोन बार कापून लूप करा, खाली ८०८ बेस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खर्ज, टाका. बँडलॅब फुकट आहे आणि फोनवरही चालतं, एवढ्या कामाला ते पुरेसं आहे.

वादकाला पैसे द्या, नाव द्या. जुन्या शाहिराची चाल किंवा रेकॉर्डिंग वापरायचं असेल तर आधी घरी जाऊन परवानगी घ्या, लेखी घ्या. 'लोककला आहे, सगळ्यांचीच' असं म्हणून उचलणारे भेटतील. शक्ती-तुऱ्याची बहुतेक गाणी कुणीतरी नावानिशी रचलेली असतात, आणि कायद्यानं ती त्या माणसाची व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या वारसांची असतात. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांच्याकडून शिकलो त्यांना न विचारता घेणं हे हिपहॉपमध्येही चोरीच मानलं जातं.

घरच्या खोलीत रेकॉर्डिंग

कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये पहिलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला. तेव्हा स्टुडिओ नाही ही सबब नको. खोली मात्र नीट निवडा.

खोलीच्या मध्यभागी उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा बारीक थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती तो परत फेकतायत. गिलावा केलेल्या भिंती आणि लाद्या बसवलेल्या खोल्यांत हे हमखास होतं. जुन्या घरातली माळ्याखालची, पेट्या, गाद्या, भाताची पोती ठेवलेली अंधारी खोली शोधा. तिथे टाळी मेल्यासारखी वाजते, आणि तेच हवंय. तशी खोली नसेल तर दोरी बांधून तिच्यावर जाड गोधड्या टाका. गोधड्या तुमच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना हव्यात. माईक तुमच्या तोंडाकडे बघतो, म्हणून तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सर्वात जास्त घेतो.

माईक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माईक स्टुडिओसाठी असतात. ते कुत्रं, रातकिडे, शेजारचा मिक्सर सगळं ऐकतात आणि आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा त्यांच्या कॅप्सूलला मानवत नाही, मग मधेच तडतड सुरू होते. आधीच कंडेन्सर घेतला असेल तर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माईकपासून एक वीत अंतर. तोंड अगदी समोर नको, किंचित तिरपं, म्हणजे प, फ, भ चे फुंकर थेट लागत नाहीत. मीटर वजा १० ते वजा ६ डेसिबलच्या मध्ये राहील एवढाच आवाज ठेवा. पंखा, फ्रिज बंद. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून लॅपटॉप आधीच चार्ज करा, आणि वीज असली तरी रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. घरात अर्थिंग नीट नसेल तर चार्जरमधून घूं असा आवाज येतो; वायर काढली की तो बहुतेक वेळा जातो.

जून-जुलैत कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असताना रेकॉर्डिंगचा हट्ट धरू नका. ते दिवस लिहायचे आणि एकत्र सराव करायचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे कोळीवाड्यातले मित्रही मोकळे असतात. क्रू, म्हणजे सोबत रॅप करणारी टोळी, जमवायला याहून चांगले दिवस नाहीत.

एका कडव्याचे तीन-चार टेक पूर्ण म्हणा. ओळ-ओळ कापून जोडलेलं कडवं स्टेजवर म्हणता येत नाही. मुख्य आवाजानंतर फक्त यमकाचे शब्द दुसऱ्या ट्रॅकवर परत म्हणा, म्हणजे ओळीचा शेवट जाड होतो.

मिक्स: फोनवर ऐकून ठरवा

तुमचं गाणं लोक फोनच्या स्पीकरवर आणि रिक्षात ऐकणार. ५० हर्ट्झचा ८०८ फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ ऐकूच येत नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणं) दिलं की वरचे स्वर उमटतात आणि लहान स्पीकरवरही तो जाणवतो. आवाजावरचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा, हलकं कॉम्प्रेशन (आवाजाचा चढउतार कमी करणं) द्या, रिव्हर्ब (घुमारा) शक्यतो नको. शब्द कळले पाहिजेत. आईला एकदा ऐकवा, आणि प्रत्येक ओळ तिला परत म्हणायला सांगा. जिथे ती अडेल तिथे एकतर मिक्स चुकलाय किंवा उच्चार.

मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, फार जोरात करण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब दोन्ही मोठा आवाज साधारण वजा १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास खाली आणतात. अंतिम फाइल वेव्ह, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ.

कागदपत्रं, जी सगळे टाळतात

इथे मला कळकळीनं सांगायचंय, कारण चांगल्या क्रू फुटलेल्या बघितल्यात त्या याच कारणानं. गाणं पूर्ण झालं त्या दिवशी, पहिला व्ह्यू येण्याआधी, एका कागदावर लिहा: शब्द कुणाचे, बीट कुणाचा, ढोलकी कुणाची, कुणाचा किती टक्के. सगळ्यांच्या सह्या, फोटो काढून ग्रुपवर. मैत्रीत कागद कशाला, असं कुणी म्हटलं तर त्याला समजावा की मैत्री टिकावी म्हणूनच.

शब्द लिहिलेत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांना मोठं संरक्षण मिळालंय: रॉयल्टीतला तुमचा निम्मा वाटा तुम्ही कंपनीला लिहून देऊच शकत नाही. एखादं छोटं लेबल 'सगळे हक्क कायमचे' असा करार पुढे करेल, तेव्हा हे आठवा. करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे दोन रकाने आधी वाचा, रकमेचा आकडा नंतर.

गाणं प्लॅटफॉर्मवर चढवायला डिस्ट्रिब्यूटर लागतो. काही वर्षाला पैसे घेतात, काही कमाईतला हिस्सा. तो प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक देतो, तो वहीत लिहून ठेवा. डिस्ट्रिब्यूटर बदलला तरी तोच क्रमांक वापरायचा, म्हणजे स्ट्रीम्सचा आकडा शाबूत राहतो. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. गाणं रिलीज झालं की गीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. १९६९ पासून चालत आलेली ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. डिस्ट्रिब्यूटरकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे, आयपीआरएसचे पैसे शब्द-संगीताचे. दोन वेगळे झरे आहेत, बरेच जण दुसऱ्यापर्यंत जातच नाहीत.

स्ट्रीमिंगमधून पहिल्या वर्षी घर चालणार नाही, हे घरच्यांनाही सांगून टाका. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तास बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू.

माईक कुठे मिळेल

कोकणात स्टेज शोधायला पंचांग पुरतं. गावातले गणपती बहुतेक घरगुती; तिथे आरत्या आणि भजनं असतात, तिथे रॅपचा आग्रह धरू नका. शहरातल्या मंडळांचे सांस्कृतिक कार्यक्रम मात्र खुले असतात. माघी गणेशोत्सव, वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेनंतरचा रात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम, शाळेचं स्नेहसंमेलन, आणि मे महिना, जेव्हा चाकरमानी घरी असतात. माझी सर्वात आवडती जागा म्हणजे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. साऊंड सिस्टीम लागलेली असते, समालोचक माईकवर असतो, दोन सामन्यांच्या मध्ये दहा मिनिटं रिकामी असतात आणि आठ वाड्यांची तरुण मुलं समोर बसलेली असतात. आयोजकांकडे मानधन मागू नका, एक गाणं मागा. दोन्ही फायनलच्या टीमची नावं गुंफून चार ओळी तिथेच रचा. पुढच्या स्पर्धेचं बोलावणं त्याच संध्याकाळी येतं.

स्टेजसाठी बीटची वेगळी फाइल बनवा, ज्यात मुख्य आवाज नसेल आणि कोरस हलका असेल. पेन ड्राइव्हवर एक प्रत, फोनमध्ये एक. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर ऐन कडव्यात मावशीचा फोन लाऊडस्पीकरवर वाजतो. साऊंडवाल्याला आधी जाऊन भेटा, नाव विचारा, इको बंद करायला सांगा. आपल्याकडे भजनाच्या आणि सूचनांच्या सवयीनं माईकवर इको ठेवलेला असतो. रॅपमध्ये त्यानं प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर चढतो. माईकची जाळी मुठीत पकडू नका, आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. पहिल्या कार्यक्रमाला दोन गाणी पुरेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. काही सणांना मुदत वाढवून मिळते, पण त्याची परवानगी आयोजकांकडे आहे का ते विचारून घ्या.

बाकी दिवसांसाठी सायफर, म्हणजे वर्तुळात आळीपाळीनं रॅप करणं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. रत्नागिरीत मांडवी, मालवणात जेटीचा परिसर, अलिबागचा किनारा. छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. वर्तुळात उभे राहा, प्रत्येकाला आठ बार, मध्ये कुणी तोडायचं नाही. मुलींना यावंसं वाटावं अशी वेळ ठेवा: दिवस मावळायच्या आत संपणारी. आणि आई-बहिणीवरच्या शिव्या वर्तुळात चालू देऊ नका. डबलबारीचे बुवा पहाटेपर्यंत एकमेकांना खिजवतात ते त्यांच्याशिवायच.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांत कॅमेरा लावून शूट करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. सड्यावर शूट करत असाल तर कातळशिल्पांवर पाय ठेवू नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि रेघा उथळ असल्यानं सहज झिजतात. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर लाल-हिरवा भाग बघून घ्या. खरं तर तुमच्या घराच्या खळ्यात उन्हं तिरपी झाल्यावर काढलेला साधा व्हिडिओ सुरुवातीला पुरतो.

कुणाबद्दल काय बोलताय

२०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. घाबरून गप्प बसा, असं मी सांगणार नाही. अंडरग्राउंड रॅप सत्तेला प्रश्न विचारणार नसेल तर कोण विचारणार? पण तयारीनं विचारा. नाव घेऊन आरोप करत असाल तर कागद हाताशी हवा. जात, धर्म यांवरून कुणाला हिणवू नका. ते धाडस नव्हे. प्रकल्प, जमीन, वाळू यांवर गाणार असाल तर गावातल्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी आधी बसून बोला. वेळ आलीच तर तालुका विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

नोकरी, आणि मग मुंबई

हातचं काम सोडू नका. बागेत फवारणी करणारे, मोबाइल दुरुस्त करणारे, नर्सिंगला असलेले, बोटीवर खलाशी असलेले, सगळ्यांना पहाटेचा किंवा रात्रीचा एक तास मिळतो. कामातून विषयही मिळतात. माईक, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) हप्त्यावर घेऊ नका. क्रूमध्ये वर्गणी काढून एकच संच घ्या आणि तो कुणाकडे कधी राहील याची पाळी लावा.

चार तयार गाणी, वीस मिनिटांचा स्टेजवर घासलेला कार्यक्रम आणि किमान एक रिलीज एवढं जमलं की मुंबईचं तिकीट काढा. तुतारी किंवा कोकणकन्या रात्रीची निघून सकाळी पोहोचवते. ओपन माईकवाल्यांना, म्हणजे नव्यांनाही माईक देणारे कार्यक्रम भरवणाऱ्यांना, निदान दोन आठवडे आधी संदेश पाठवा: नाव, गाव, बोली, एका लाइव्ह व्हिडिओची लिंक. लांबलचक ओळख नको. स्टुडिओत काढलेल्या व्हिडिओपेक्षा क्रिकेटच्या मैदानावरचा, समोर पोरं ओरडतायत असा व्हिडिओ पाठवा.

ओपन माईकच्या पलीकडे मुंबईत तुमचे आणखी श्रोते आहेत. लालबाग-परळ, भांडुप, डोंबिवली, नालासोपारा, विरार इथल्या गावमंडळांच्या वार्षिक मेळाव्यांत शक्ती-तुरा, नमन होतं. तुमच्या गावच्या मंडळाच्या सचिवांचा नंबर घरात कुणाकडे तरी असतोच. त्यांना फोन करा, अमक्याचा मुलगा, तमक्या वाडीची मुलगी अशी ओळख सांगा आणि सामन्याच्या आधीची दहा मिनिटं मागा. त्या दहा मिनिटांत पहिल्या चार ओळी शाहिरांना मान देणाऱ्या ठेवा.

मानधन मिळालं तर आयोजकांकडून रक्कम, तारीख आणि कार्यक्रमाचं नाव असलेला संदेश मागून घ्या. टीडीएस कापला असेल आणि तेवढा कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो. ढोलकीवाला, बॅकअप, गाडीचं भाडं यांचा वाटा त्याच रात्री यूपीआयनं पाठवा, आणि तुमचा स्वतःचा सर्वात शेवटी काढा.